‘घाबरू नका, काही करत नाही तो!’

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. कुत्री पाळणाऱ्यांनी वाचा आणि कुत्र्यांना घाबरणाऱ्यांनीही वाचा. दोघांनाही थोडं थोडं टोचेल. शिव्या द्यायच्या तर शेवटपर्यंत वाचून मग द्या.

गेला पंधरवडा गावात एकच विषय चाललाय. तळ्याकाठच्या ट्रॅकवर पाळीव कुत्र्यांना बंदी घाला, असं निवेदन नगरपालिकेत गेलंय. निमित्त बहुतेकांना माहीत आहे. सकाळी साडेसहाच्या सुमाराला सातवीतला एक मुलगा घरचं लॅब्रेडॉर घेऊन ट्रॅकवर आला होता. कुत्र्याचं वजन पोरापेक्षा दोन-चार किलोच कमी असेल. पलीकडे एक भटकं कुत्रं दिसलं, याने झेप घेतली, साखळी पोराच्या हातातून निसटली आणि समोरून येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेच्या पायात गुंतली. बाई पडल्या. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलंय.

कुत्रं त्यांना चावलं नाही. त्यांच्या अंगावरही गेलं नाही. त्याला बहुधा त्या दिसल्याही नसतील. मागून मुलाचे काका धावत आले. बाई अजून जमिनीवरच होत्या आणि काकांचं पहिलं वाक्य होतं, "घाबरू नका मॅडम, काही करत नाही तो!"

मला आज या एका वाक्याबद्दल बोलायचंय.

हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय आणि कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी उच्चारलंय. बोलणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या घरात ते कुत्रं खरंच काही करत नाही. पोरं त्याच्या अंगावर लोळतात, आजी त्याला हाताने भाकरी चारते. पण हे झालं घरातलं. दिवाणखान्यात पंख्याखाली झोपलेलं कुत्रं आणि दुसरं कुत्रं दिसल्यावर मागच्या दोन पायांवर उभं राहून साखळी ताणणारं कुत्रं, प्राणी एकच असला तरी अवस्था वेगळी असते. आणि समोरून येणाऱ्या माणसाला तुमच्या घरातलं कुत्रं माहीत नसतं. त्याला फक्त दात आणि ताणलेली साखळी दिसते.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. ट्रॅकवर बंदी नको. पण ‘काही करत नाही तो’ हे पालुपदही आता बंद झालं पाहिजे. रस्त्यावर कुत्रं शांत चालणं हा त्याच्या स्वभावाचा किंवा मालकाच्या नशिबाचा भाग नाही. ती शिकवायची गोष्ट आहे. न शिकवता कुत्रं गर्दीत आणणं म्हणजे लायसन्स नसताना बाजारपेठेतून ट्रॅक्टर काढण्यासारखं आहे. वाटेत कोणी आडवं आलं नाही तोपर्यंत सगळं बरं.

पत्रकारितेच्या डिप्लोमाला पहिल्याच आठवड्यात एक वाक्य शिकवतात. कुत्रा माणसाला चावला तर ती बातमी नव्हे, माणूस कुत्र्याला चावला तर बातमी. वीस वर्षं तालुक्याच्या ठिकाणी बातमीदारी केल्यावर सांगतो, इथे कुत्रा चावला तरी बातमी असते. ‘पिसाळलेल्या कुत्र्याचा धुमाकूळ, चौघांना चावा’ हा मथळा मी किती वेळा दिला असेल, मोजदाद नाही. पण अशा बातमीत आपण फक्त शेवट छापतो. त्याआधी काय काय घडत गेलं, ते कधीच छापून येत नाही. आज तेच लिहितोय.

आधी एक साधी गोष्ट. आपल्याकडे कुत्रं पाळण्याची परंपरा आहे, कुत्रं फिरवण्याची नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत. खंडोबाचं कुत्रं आहे. धनगराचा कळप कुत्र्याशिवाय हलत नाही. सोलापूर-सांगलीकडे कारवान आणि पश्मी कुत्री पिढ्यानपिढ्या सांभाळली गेली. पण ही सगळी मोकळी कुत्री. वस्तीवरचं कुत्रं कधी कोणी ‘फिरायला’ नेलं नाही, कारण ते दिवसभर फिरतच असायचं. त्याला काम होतं, जागा होती, आणि अनोळखी माणूस आला तर भुंकणं ही त्याची नोकरीच होती.

आता तेच कुत्रं, किंवा त्याहून दुप्पट वजनाचं विकत आणलेलं कुत्रं, प्लॉटिंगमधल्या दीड गुंठ्याच्या बंगल्यात राहतं. कोरोनाच्या दोन वर्षांत आणि नंतर आपल्या गावात लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, पॉमेरियन घरोघरी दिसू लागले. बर्फात गाडी ओढायला तयार झालेला हस्कीसुद्धा एका कॉलनीत आहे, आपल्या बेचाळीस डिग्रीत. दिवसातले बावीस-तेवीस तास गेटला किंवा गच्चीवर बांधलेलं. सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं बाहेर. त्या वीस मिनिटांत त्याला आख्ख्या दिवसाचं जग बघायचं असतं, हुंगायचं असतं, पळायचं असतं. ते ओढणार नाही तर काय करणार? त्याच्यासाठी तीच एसटी, तोच बाजार, तेच थिएटर.

म्हणून बंदीला माझा विरोध आहे. ट्रॅक बंद केला तर ही कुत्री नाहीशी होणार नाहीत. ती गच्चीवर जातील. जे कुत्रं महिनोन्महिने बाहेरचा माणूस, सायकल, दुसरं कुत्रं बघत नाही, ते ज्या दिवशी सुटेल त्या दिवशी जास्त धोकादायक असेल. बागा-मैदानांतून पाळीव कुत्र्यांना सरसकट हाकलू नका, हवं तर वेळा ठरवा, असाच सूर भारतीय पशु कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांचाही आहे.

पण कुत्रेवाल्यांनो, लगेच टाळ्या वाजवू नका. मी त्या बाईंना भेटून आलो. त्या म्हणाल्या, "मला कुत्र्याचा राग नाही हो. डॉक्टरांनी शुगरसाठी रोज पाऊण तास चालायला सांगितलंय. मला फक्त चालायचंय." गेले पंधरा दिवस त्या घराबाहेर पडलेल्या नाहीत. ट्रॅक आपल्या सगळ्यांच्या घरपट्टीतून झालाय. तुमच्या कुत्र्याला तिथे फिरायचा हक्क आहे, तसा त्यांना न घाबरता चालायचा हक्क आहे. आणि दोन हक्क समोरासमोर आले, तर ज्याच्या हातात साखळी आहे त्यानेच बाजूला व्हायचं. यात वाद घालण्यासारखं मला तरी काही दिसत नाही.

कायदाही हेच सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ वाचा. आपल्या ताब्यातल्या जनावरामुळे कोणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याची शक्यता असताना पुरेशी खबरदारी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुत्रं चावलंच पाहिजे असं त्यात कुठेही नाही. आणि हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच आहे. ‘चावला थोडाच’ हे उत्तर पोलीस ठाण्यात चालणार नाही.

काहीजण म्हणतात, सगळा दोष जातीचा. मार्च २०२४ मध्ये केंद्राने पिटबुल, रॉटवायलरसह तेवीस जातींवर बंदी आणायला राज्यांना सांगितलं होतं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. जातीने फरक पडतो, हे मान्य. कारवानसारखं नजरेने शिकार करणारं कुत्रं पळणारी वस्तू दिसली की सुटणार, मग तो ससा असो की सायकल. जर्मन शेफर्ड राखणीला बसणार. पण परवा बाई पडल्या त्या लॅब्रेडॉरमुळे, ज्याला सगळे ‘एकदम गरीब कुत्रं’ म्हणतात. प्रश्न दोरीच्या दुसऱ्या टोकाचा आहे.

आता त्या टोकाकडे वळू.

आमचे वडील खोंड शिकवायचे. पंचक्रोशीतून लोक घेऊन यायचे. लहानपणी बांधावर बसून मी ते पाहिलंय. नवं खोंड ते कधी पहिल्या दिवशी नांगराला जुंपायचे नाहीत. आधी नुसतं जू मानेवर ठेवून गोठ्याभोवती फिरवायचं. मग जाणत्या बैलाच्या जोडीला, मऊ रानात, रिकामी फळी. मग रिकामी गाडी, मोकळ्या रस्त्याने. गर्दीच्या बाजारात अगदी शेवटी. आणि कासरा सतत ताणून धरणाऱ्याला ते रागवायचे. म्हणायचे, "अरे, तू ओढलंस तर ते पण ओढणार. कासरा ढिला ठेव, फक्त हलला की त्याला कळला पाहिजे." बुजरं जनावर मारून सुधारत नाही, त्याची भीती हळूहळू मोडावी लागते, हे त्यांना कोणत्या पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं.

कुत्र्याचंही शंभर टक्के हेच आहे. आपल्या बापजाद्यांना जे बैलाबद्दल ठाऊक होतं, ते आपण कुत्र्याला लावायला विसरलो एवढंच.

पहिली गोष्ट, सुरुवात रस्त्यावर नाही, घरात होते. खिळ्यावरचा पट्टा काढला की कुत्रं नाचायला लागतं आणि आपण कौतुकाने हसत तसाच पट्टा अडकवतो. म्हणजे दार उघडण्याआधीच ते पेटलेलं असतं. पट्टा हातात घ्या. उड्या मारल्या तर परत खिळ्याला लावा आणि खुर्चीत बसा. चारही पाय जमिनीवर टेकले की परत उठा. पहिल्या दिवशी हा खेळ दहा मिनिटं चालेल. आठवड्याभरात कुत्र्याला कळेल की शांत राहिलं तरच दार उघडतं. हे घरातल्या प्रत्येकाने पाळलं पाहिजे. बाबा थांबवतात आणि दादा तसंच नेतो, असं झालं तर कुत्रं दादाचं ऐकेल.

दुसरी गोष्ट, साखळी सोडा. ती लोखंडी साखळी वजनदार असते, हात कापते आणि ऐनवेळी निसटते. पाच-सहा फुटांची सुती किंवा नायलॉनची जाड दोरी घ्या. ओढणाऱ्या कुत्र्याला गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा पट्टा घाला, दुकानात हार्नेस म्हणून मिळतो. गळा आवळणाऱ्या साखळ्या आणि काटेरी पट्टे आणूच नका. बटण दाबलं की लांब होणारी दोरी वर्दळीच्या रस्त्यावर नको. कुत्रं मोटारसायकलखाली जाईपर्यंत तुम्ही बटण शोधत बसाल. आणि ज्याला तो प्राणी धरून ठेवता येत नाही, त्याच्या हातात दोरी द्यायची नाही. बारा वर्षांच्या मुलाला वाटत असलं तरी नाही. मूल सोबत चालू दे, दोरी मोठ्या माणसाकडे.

तिसरी गोष्ट, सगळ्यात महत्त्वाची. कुत्रं ओढतं, कारण ओढल्यावर त्याला हवं ते मिळतं. खांब हुंगायचाय, ओढलं, पोचलं. म्हणजे ओढणं फायद्याचं. हा व्यवहार उलटा करायचा. दोरी ताणली की तुम्ही थांबायचं. ओरडायचं नाही, हिसका द्यायचा नाही, खांबासारखं उभं राहायचं. थोड्या वेळाने कुत्रं वळून बघेल, दोरी ढिली पडेल. त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणा, तुमच्या गुडघ्यापाशी एक तुकडा द्या आणि चालू लागा. उकडलेल्या अंड्याचा, चिकनचा, पनीरचा नखाएवढा तुकडा पुरतो. चॉकलेट, कांदा, मनुका कधीच नाही, कुत्र्याला ते विषारी आहेत. पहिला आठवडा गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायला पंधरा मिनिटं लागतील. शेजारी हसतील. हसू द्या. तीन-चार आठवड्यांत तुमचं कुत्रं ढिल्या दोरीने चालायला लागलं की तेच शेजारी विचारायला येतील.

आणि हो, शांत चालणं म्हणजे एनसीसीची परेड नव्हे. कुत्र्याला जग नाकाने कळतं. दोरी ढिली ठेवून त्याला हुंगायला वेळ द्या. दहा मिनिटं मनसोक्त हुंगलेलं कुत्रं दोन किलोमीटर फरफटत नेलेल्या कुत्र्यापेक्षा जास्त निवांत घरी येतं.

चौथी गोष्ट, दुसऱ्या कुत्र्यावर किंवा माणसांवर भुंकणाऱ्यांसाठी. बहुतेक वेळा ते भुंकणं मस्तीचं नसतं, भीतीचं असतं. किंवा जायचंय पण दोरीने जाता येत नाही, या तगमगीचं असतं. अशा वेळी आपण काय करतो? दोरी गच्च आवळतो, ओरडतो, चपलेने एक फटका देतो. कुत्र्याच्या डोक्यात हिशेब पक्का होतो: ते दुसरं कुत्रं दिसलं की गळा आवळला जातो आणि मार पडतो. पुढच्या वेळी ते आणखी लांबूनच भुंकतं. पाव्हलोव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी कुत्र्यांवर प्रयोग करून हेच दाखवलं. दोन गोष्टी वारंवार एकापाठोपाठ घडल्या की जनावराचं शरीर पहिलीला दुसरीसारखा प्रतिसाद देऊ लागतं. मग जोडी बदला. दुसरं कुत्रं दिसलं की फटका नको, अंड्याचा तुकडा. ते दिसेनासं झालं की तुकडे बंद.

यात अंतर सांभाळायचं. तुमचं कुत्रं दुसऱ्याला बघतंय पण तुकडाही खातंय, एवढं लांब उभं राहायचं. ते शंभर फूट असेल, दोनशे असेल. तोंडाशी धरलेलं चिकन खात नसेल, तर तुम्ही फार जवळ आहात, मागे व्हा. आठवड्या-पंधरवड्याने पाच-दहा पावलं पुढे. इथे घाई करणारा फसतो. खोंड पहिल्याच दिवशी बाजारात न्यायचं नाही, ते हेच.

पाचवी गोष्ट, गुरगुरण्याबद्दल. गुरगुरलं की मारायचं, ही आपली पद्धत घातक आहे. गुरगुरणं म्हणजे गाडीचा हॉर्न. मारून हॉर्न बंद केला तर गाडी थांबत नाही, फक्त आवाज न करता येते. ‘काहीच कारण नसताना अचानक चावलं’ असं ज्या कुत्र्यांबद्दल सांगतात, त्यातल्या पुष्कळांनी आधी दहा वेळा सांगितलेलं असतं. अंग ताठ करणं, मान वळवणं, ओठ चाटणं, भूक-झोप नसताना जांभई, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, ही सगळी त्याची भाषा. शेपूट हलतंय म्हणजे खूश आहे, हेही दरवेळी खरं नाही. ताठ उभं शेपूट झटक्याझटक्याने हलत असेल तर लांब राहा. ‘भुंकणारं कुत्रं चावत नाही’ ही म्हण तर गावाने विसरावी, तिने बऱ्याच जणांना दवाखान्यात पोचवलंय.

आणि ‘कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच’ म्हणणाऱ्यांनी गणपती विसर्जनाच्या बंदोबस्तातलं पोलिसांचं कुत्रं आठवावं. ढोल, ताशा, हजारो पाय, आणि ते आपल्या हँडलरच्या पायाला लागून चालत असतं. तेही कधीकाळी पिल्लूच होतं. कोणीतरी त्याच्यासाठी वेळ दिला. तुमच्या कुत्र्याला बंदोबस्ताला जायचं नाही, दूधवाल्याच्या शेजारून शांत चालायचंय फक्त.

ज्यांचं कुत्रं आधीच कोणाला चावलंय किंवा चावायला धावलंय, त्यांनी मुसकं वापरावं. मळणीच्या वेळी बैलाला मुसकं बांधायचो, त्यात आपल्याला कधी लाज वाटली नाही. मग कुत्र्याला बांधताना का वाटावी? फक्त ते जाळीचं, मोकळं हवं, ज्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतील, पाणी पिता येईल. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, ते तोंडानेच थंड होतं. तोंड घट्ट बांधून उन्हात फिरवणं म्हणजे जिवाशी खेळ. उन्हाळ्यात तसंही सकाळी लवकर आणि दिवस मावळल्यावरच न्या. डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही. लग्नसराईत डीजेच्या वरातीच्या वेळी आणि दिवाळीत फटाक्यांच्या वेळी तर बाहेर काढूच नका. घाबरलेलं कुत्रं दोरी तोडून कुठे जाईल सांगता येत नाही.

आता कुत्रं नसलेल्यांसाठी चार शब्द. अनोळखी कुत्रं अंगावर आलं तर पळू नका. पळणाऱ्याच्या मागे लागणं हे त्याच्या रक्तात आहे. झाडासारखं उभं राहा, हात अंगाशी, नजर खाली, ओरडायचं नाही. मुलांना हे घरी खेळासारखं शिकवा. दोरीला बांधलेल्या कुत्र्याला खडे मारणारी, भुंकून चिडवणारी पोरं आपलीच आहेत, त्यांनाही आवरा. आणि मालकाला न विचारता कोणत्याही कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवू नका. चावलंच, ओरखडलंच, तर हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. ठरलेली सगळी इंजेक्शनं तारखेनुसार पूर्ण करा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल, आणि वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. इतकं साधं आहे हे.

राहता राहिली नगरपालिका. बंदीचा ठराव करणं सगळ्यात सोपं, कारण त्याला खर्च नाही. पण ट्रॅकवर पाळीव कुत्रं बिथरतं ते बहुतेकदा भटक्या टोळीमुळे, आणि ती टोळी तिथे असते ती तळ्याच्या कोपऱ्यावर चिकन-मटणाच्या दुकानांचा कचरा पडतो म्हणून. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेचीच जबाबदारी आहे, असं केंद्राचे २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली भटकी कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश अकरा दिवसांत बदलला, तेव्हाही तोडगा हाच निघाला. नसबंदी करा, लस द्या आणि पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळून बाकीची जिथून उचलली तिथे सोडा. आपल्याकडे त्यासाठी किती तरतूद झाली आणि किती खर्च झाली, हे मी माहिती अधिकारात मागितलंय. उत्तर आलं की इथेच टाकेन.

तोवर माझ्या तीन मागण्या. एक, ट्रॅकवर कुत्र्यांसाठी वेळ ठरवा. पहाटे साडेपाच ते साडेसहा आणि रात्री नऊनंतर. मधला वेळ चालणाऱ्यांचा. दोन, पुण्या-मुंबईत आहे तशी पाळीव कुत्र्यांची नोंदणी सुरू करा, आणि रेबीज लसीचा दाखला असल्याशिवाय नोंद नाही. तीन, तळ्याच्या कोपऱ्यावरचा कचरा आठ दिवसांत हलवा. यातल्या एकाही गोष्टीला मंत्रालयात जावं लागत नाही.

आणि मालकांसाठी एकच मागणी. ‘काही करत नाही तो’ हे वाक्य सोडा. त्याऐवजी समोरून माणूस येताना दिसला की दोरी आखूड करा, कुत्रं तुमच्या पलीकडच्या अंगाला घ्या, चार पावलं बाजूला व्हा आणि म्हणा, "या तुम्ही, मी धरलंय त्याला." तेवढ्याने समोरच्याची अर्धी भीती जाते. पहिल्या वाक्यात तुम्ही समोरच्याला सांगत असता की तुझी भीती खोटी आहे. दुसऱ्यात सांगता की मला तू दिसलास. कुत्रं पाळण्यातली सगळी सभ्यता एवढ्यात आली.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता बाजार समितीच्या मोकळ्या मैदानात ज्यांच्याकडे कुत्री आहेत त्यांनी या. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर यायला तयार आहेत, ते पट्टा कसा बसवायचा आणि ढिल्या दोरीने कसं चालवायचं ते दाखवतील. लसीचं कार्ड सोबत आणा. एक उकडलेलं अंडं आणा. साखळी घरी ठेवा, दोरी आणा. दोन कुत्र्यांत पन्नास फूट अंतर ठेवूनच उभं राहायचं आहे, गर्दी करायची नाही. ज्यांचं कुत्रं भुंकतं त्यांनी लाजू नये, त्यांनी तर नक्की यावं. आणि निवेदनावर ज्यांनी सह्या केल्यात त्यांनीही येऊन कडेला उभं राहून बघावं. लोक शिकतायत असं दिसलं, तर सही मागे घ्यायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. नाही दिसलं, तर तुमच्या निवेदनाच्या बाजूने लिहायला माझी हरकत नसेल.